जिभाऊंच्या दुकानातलं डबडं आणि चार लिनक्स

मशीन असं होतं: पेन्टियम ड्युअल कोअर ई५३००, २.६ गिगाहर्ट्झ, जी३१ चिपसेटचा बोर्ड, डीडीआर२ च्या एकेक जीबीच्या दोन पट्ट्या म्हणजे एकूण दोन जीबी रॅम, ३२० जीबीची हार्डडिस्क, एक डीव्हीडी रायटर ज्याचा ट्रे आता टाचणी घालून उघडावा लागतो, आणि वर विंडोज ७. २०१० साली असेम्बल करून आणलेलं. त्या काळात आपल्याकडे ज्याने कोणी कॉम्प्युटर घेतला त्याच्या खोक्यात हाच बोर्ड नाहीतर याचा भाऊबंद निघायचा, त्यामुळे हे प्रकरण एकट्या जिभाऊंचं नाही, असे खोके अजून कितीतरी दुकानांत, पतपेढ्यांत, शाळांच्या कोपऱ्यात प्लास्टिकचं कव्हर घालून बसलेले आहेत.

जिभाऊ म्हणजे माझे सगळ्यात मोठे चुलतभाऊ, वय बासष्ट, अमळनेर-पारोळा पट्ट्यातल्या एका गावात त्यांचं कृषी सेवा केंद्र आहे, बियाणं, खत, फवारणीची औषधं. मी जळगावला एका कॉलेजच्या लॅबमध्ये कामाला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी गेलो होतो, दुपारी खापरावरचे मांडे आणि आंब्याचा रस हाणून ओसरीत आडवा झालो तर जिभाऊ उशाशी येऊन बसले आणि म्हणाले, "भो, ते दुकाननं डबडं फेकी देऊ का?" त्यांना तालुक्याच्या एका दुकानदारानं सांगितलेलं की हे आता संपलं, नवीन घ्या, तीस-पस्तीस हजाराला पडेल. जिभाऊंचं म्हणणं एवढंच की मृग लागायच्या आत काहीतरी करून दे, एकदा कपाशीच्या बियाण्याची गर्दी सुरू झाली की मग त्यांना डोकं वर काढायलाही वेळ नसतो.

त्यांचा वापर काय ते आधी विचारून घेतलं, आणि हे मी शहाणपणानं केलं असं नाही, लोळत होतो म्हणून बोलणं निघालं. बिल काढणं, बियाण्याच्या बिलावर वाण, लॉट नंबर सगळं लिहावं लागतं म्हणून त्यांचा एक छापील नमुना कॉम्प्युटरमध्ये आहे. साठ्याची एक शीट. कंपन्यांच्या माणसांशी व्हॉट्सअ‍ॅप. गावातलं कोणी पीककर्जासाठी सातबारा मागायला आलं की पंधरा रुपयांचा डिजिटल सहीचा उतारा काढून देणं. हिशोब अमळनेरचा अकाउंटंट बघतो, जिभाऊ फक्त बिलांचा गठ्ठा पाठवतात. खत विकायचं पीओएस मशीन, ज्याच्यावर शेतकरी अंगठा लावतो, ते वेगळंच असतं, त्याचा या कॉम्प्युटरशी संबंध नाही. ही शेवटची दोन वाक्यं ऐकली तेव्हाच माझ्या मनात लिनक्स आलं, म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणारी, फुकट मिळणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम, कारण अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर नाहीतर अंगठ्याचं यंत्र या मशीनला जोडलेलं असतं तर मी गप्प बसलो असतो. ही दोन कामं विंडोजला अशी चिकटलेली असतात की तिथं हौस दाखवायची नसते.

विंडोज का ठेवलं नाही तेही सांगतो. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, क्रोमनं २०२३ च्या सुरुवातीला १०९ नंबरच्या आवृत्तीवर विंडोज ७ ला रामराम केला, त्यामुळे बँकेची साइट उघडली की ब्राउझर जुना आहे म्हणून पाटी यायची. विंडोज १० टाकावं तर त्याचाही सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, इंटेलचं प्रोसेसर आठव्या पिढीचं तरी लागतं, इथं तर पिढ्या मोजायला सुरुवात व्हायच्या आधीचा मामला. म्हणजे चोरवाट काढून टाकता येतं म्हणतात, पण बासष्ट वर्षांच्या माणसाच्या चालत्या दुकानात चोरवाटेचं काम नको.

संध्याकाळी दुकानात जाऊन मशीन चालू केलं. चालू केलं आणि बाहेर जाऊन चहा पिऊन आलो तरी डेस्कटॉपवर चकरी फिरतच होती. सात मिनिटं लागली हातात यायला. तारीख बघतो तर १ जानेवारी २००९. जिभाऊ म्हणाले रोज सकाळी असंच असतं, रोज तारीख टाकायची, नाही टाकली तर कोणतीच साइट उघडत नाही, "कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणतं, आणि त्यावरून त्यांनी नेटवाल्या पोराशी दोनदा भांडण केलेलं. त्या बिचाऱ्याची काही चूक नव्हती. बोर्डवरचा बटणासारखा सेल, सीआर२०३२, मेलेला होता. एरवी प्लग चालू असेल तर एसएमपीएसमधून, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यातून, घड्याळापुरता करंट मिळत राहतो, पण जिभाऊ रात्री दुकान बंद करताना मेन स्विचच खाली पाडतात, शॉर्टसर्किटची धास्ती, खताची पोती आहेत, बरोबरच आहे त्यांचं. मग रात्रभर घड्याळाला खायला काही नाही, सकाळी ते परत २००९ मध्ये. आणि साइटचं जे सर्टिफिकेट असतं त्याला अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अशी मुदत असते, मशीनला वाटतं आपण २००९ मध्ये आहोत, म्हणजे ते सर्टिफिकेट अजून जन्मालाच यायचंय, म्हणून ब्राउझर दार लावून घेतो. तीस-चाळीस रुपयांचा सेल.

आता माझी पहिली चूक. विंडोजमध्ये सिस्टीमची माहिती उघडली, तिथं लिहिलेलं ३२-बिट ऑपरेटिंग सिस्टीम. मी गृहीत धरलं मशीन ३२-बिटचं, म्हणजे जुन्या पद्धतीच्या प्रोसेसरचं. मग शोध ३२-बिट लिनक्सचा, आणि तो शोध आता फार अरुंद झालाय, लिनक्स वेगवेगळ्या नावांनी येतं, त्यातल्या उबुंटूनं ३२-बिट कधीच सोडलं, मिंटनं २०२० मध्ये २० नंबरच्या आवृत्तीपासून सोडलं, डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आलं त्यात ३२-बिटचा इन्स्टॉलरच नाही. उरलेल्यांत अँटीएक्स चांगलं, डेबियनवरच बेतलेलं, जुन्या मशीनसाठीच घडवलेलं, तेच मोबाइलच्या नेटवर रात्रभर डाउनलोड केलं. खरं तर तिथं लिहिलेलं ३२-बिट हे विंडोजबद्दल होतं, प्रोसेसरबद्दल नव्हतं. ई५३०० हे ६४-बिट प्रोसेसर आहे, पण २०१० मध्ये दोन जीबी रॅमवर सगळे ३२-बिट विंडोजच टाकून द्यायचे. हे मला लिनक्समध्ये शिरल्यावर कळलं, टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, एलएससीपीयू हा एक शब्द टाकला की दुसऱ्याच ओळीत लिहून येतं ३२-बिट, ६४-बिट दोन्ही चालेल. लॅबमध्ये काम करतो मी, पोरांना हे शिकवतो, आणि स्वतः एक रात्र घालवली.

पेनड्राइव्हवरून बूट करायला अजून अर्धा तास गेला. या जुन्या बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, बूटच्या यादीत यूएसबी-एचडीडी असं दिसतं, ते वर आणलं तरी मशीन विंडोजमध्येच जायचं. भानगड अशी की हा बायोस पेनड्राइव्हला हार्डडिस्कच समजतो, आणि हार्डडिस्कांची आपसातली क्रमवारी दुसऱ्याच पानावर असते, तिथं जाऊन पेनड्राइव्ह वर ढकलावा लागतो. पेनड्राइव्हमध्ये व्हेन्टॉय टाकलेलं होतं, त्याच्यात आयएसओ फायली, म्हणजे डाउनलोड केलेली अख्खी लिनक्सं, नुसत्या कॉपी करायच्या, मग चालू करताना यादी येते कोणतं लिनक्स उघडू म्हणून, चारचार बघायची असतील तर यासारखी सोय नाही.

अँटीएक्स पेनड्राइव्हवरून छान उघडलं. रिकामं असताना रॅम दोनशे एमबीच्या आत. जिभाऊ स्टुलावर बसून बघत होते, म्हणाले, "चालस का मंग?" मी म्हटलं चालतं जिभाऊ, पळतं. उत्साहात त्यांचे फोटो आणि बिलांचं फोल्डर आधी दुसऱ्या पेनड्राइव्हवर घेऊन ठेवले, डी ड्राइव्ह मोकळा केला आणि तिथं अँटीएक्स पक्कं टाकून दिलं. टाकतानाच वाटलं की वेळ जास्त घेतंय. रीस्टार्ट केलं आणि जे पेनड्राइव्हवरून पळत होतं ते स्वतःच्या हार्डडिस्कवरून रांगायला लागलं. मध्येच वीस-तीस सेकंद सगळं गोठायचं, माउस सुद्धा, आणि मग एकदम पाच क्लिक एकाच वेळी व्हायचे.

इथं मी दुसरी चूक करणार होतो, म्हणजे अँटीएक्सला नावं ठेवून तिसरं काहीतरी डाउनलोड करणार होतो. नेटवर सगळीकडे हाच सल्ला असतो ना, हे जड वाटलं तर ते टाक, ते जड वाटलं तर अजून हलकं टाक. पण हाताशी पपी लिनक्स होतं. हे २००३ साली ऑस्ट्रेलियातल्या बॅरी कॉलर यांनी सुरू केलेलं, याची गंमत अशी की चालू होताना हे अख्खं स्वतःला रॅममध्ये उचलून ठेवतं आणि मग ना पेनड्राइव्हची गरज ना हार्डडिस्कची. ते उघडलं आणि तेच मशीन, तीच दोन जीबी रॅम, तोच सोळा वर्षांचा प्रोसेसर, आणि बोट ठेवायच्या आत फाइल उघडत होती. म्हणजे प्रोसेसर थकलेला नाही, रॅमही पुरते, जिथं हार्डडिस्क मध्ये येते तिथंच गाडी अडते. डॉक्टर कसा एकेक पदार्थ सोडायला लावून बघतो, तसं झालं.

मग पपीमधूनच डिस्कची स्मार्ट तपासणी केली. प्रत्येक हार्डडिस्क स्वतःच्या दुखण्याची नोंद स्वतःच ठेवत असते, स्मार्टसीटीएल नावाच्या कमांडनं ती वाचता येते. दोन आकडे बघायचे, किती सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे बारीक कप्पे, खराब होऊन दुसरीकडे हलवले आणि किती सेक्टर आता वाचताच येत नाहीत म्हणून ताटकळत आहेत. दोन्ही शून्य पाहिजेत. इथं पहिला तीन आकडी होता आणि दुसराही शून्य नव्हता. असा सेक्टर समोर आला की डिस्क पुन्हापुन्हा तोच वाचायचा प्रयत्न करत बसते आणि तेवढा वेळ अख्खी सिस्टीम तिच्या तोंडाकडे बघत थांबते. जिभाऊ तीन वर्षं "व्हायरस शे" म्हणत होते, दोनदा पैसे देऊन फॉरमॅटही मारून घेतलेलं. व्हायरस असेलही, पण विंडोज ७ काय आणि अँटीएक्स काय, खड्ड्यात पाय दोघांचाही जात होता.

त्याच रात्री उरलेला डेटाही काढून घेतला. सगळा निघाला, एका लग्नाचे काही फोटो सोडून, ते अर्धे करडे निघाले. वहिनींना सांगितलं तर म्हणाल्या अल्बम आहे घरात, मशीनमधलं कोण बघतं.

दुसऱ्या आठवड्यात जळगावहून सामान घेऊन गेलो. मित्राकडची वापरलेली १२० जीबीची एसएसडी, म्हणजे चिपांवर माल ठेवणारी, न फिरणारी डिस्क, तिची पण आधी स्मार्ट तपासणी केली, दुधानं तोंड पोळलं होतं. डीडीआर२ च्या दोन दोन जीबीच्या पट्ट्या जुन्या मालाच्या दुकानात मिळाल्या, जी३१ बोर्ड चार जीबीच्या वर घेत नाही आणि त्याला खाचाही दोनच, त्यामुळे जुन्या पट्ट्या काढाव्या लागल्या. हा बोर्ड सॅटा २ चा आहे, म्हणजे डिस्क जोडायची जुनी, हळू पद्धत, एसएसडीचा पूर्ण वेग त्याला झेपत नाही, हे ऐकून बरेच जण म्हणतात मग काय उपयोग. उपयोग वेगात नाही, शोधाशोधीत आहे. ७२०० आरपीएमची, म्हणजे मिनिटाला ७२०० फेरे मारणारी डिस्क, तिचा एक फेरा ८.३ मिलिसेकंदांचा, हवा असलेला तुकडा काट्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, वर हात हलायचा वेळ वेगळा, आणि सिस्टीम चालू होताना असे हजारो बारीक तुकडे इकडून तिकडून गोळा करायचे असतात. एसएसडीला ना फेरा ना हात.

सेल विसरलो तो अमळनेरला घेतला. अमळनेरला गेलं की मला एक गोष्ट नेहमी आठवते, १९४५ साली इथं वनस्पती तुपाची एक कंपनी निघाली, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स, तीच पुढं विप्रो. म्हणजे देशातल्या एवढ्या मोठ्या कॉम्प्युटर कंपनीचं मूळ आपल्या तुपाच्या डब्यात आहे, आणि त्याच गावात मला सीआर२०३२ साठी तीन दुकानं फिरावी लागली, शेवटी घड्याळवाल्याकडे मिळाला.

आता ६४-बिटचं दार उघडल्यावर पर्याय वाढले. उबुंटूचं हलकं रूप लुबुंटू २४.०४ आणि मिंट २२ ची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती, दोन्ही एसएसडीवर टाकून प्रत्येकी दोन दिवस वापरून बघितली. सी-डॅकचं बॉस सुद्धा मनात होतं, आपल्या सरकारी संस्थेचं, २००७ पासूनचं, तेही डेबियनवरचं, पण मृग डोक्यावर आलेला म्हणून राहून गेलं. लुबुंटू रिकामं असताना पाचशे एमबीच्या आसपास, मिंट सातशे-साडेसातशे. कागदावर लुबुंटू जिंकतं. पण लुबुंटूमधला फायरफॉक्स स्नॅप नावाच्या पॅकिंगमध्ये येतो, सकाळी पहिल्यांदा उघडताना बराच वेळ घेतो, मिंटनं स्नॅप बंदच ठेवलंय आणि फायरफॉक्स साध्या पॅकेजमध्ये देतात, तो लवकर उघडतो. शिवाय लुबुंटू २४.०४ ला तीनच वर्षं अपडेट, म्हणजे एप्रिल २०२७ पर्यंत, मिंट २२ ला एप्रिल २०२९ पर्यंत. मला दर दोन वर्षांनी आखाजीला हेच काम नको होतं. मिंट ठेवलं.

रॅमच्या आकड्यांबद्दल जरा बोलतो, कारण हलकं लिनक्स कोणतं यावर लोक तासन्तास वाद घालतात. अँटीएक्स दोनशेत, मिंट साडेसातशेत, फरक साडेपाचशे एमबीचा, मान्य. पण व्हॉट्सअ‍ॅप वेबचा एक टॅब उघडला की तोच चारपाचशे खातो, शेजारी सातबाऱ्याची साइट आणि मेल उघडला की फरक कुठे गेला ते कळत पण नाही. ज्याला फक्त टायपिंग करायचंय त्यानं दोन जीबीत अँटीएक्स खुशाल वापरावं, भारी चीज आहे ती. पण ब्राउझरशिवाय ज्याचं पान हलत नाही त्याला चार जीबी पाहिजेच, मग वर कोणतं का लिनक्स असेना. मिंटवर मी झेडरॅम तेवढं चालू केलं, म्हणजे रॅम भरत आली की कमी लागणारा माल तिथंच आवळून ठेवतं.

चालू व्हायला आता चाळीस सेकंद. जिभाऊंनी मनगटावरचं घड्याळ लावून बघितलं.

खरी लढाई प्रिंटरनं दिली. दुकानात एक छोटा लेझर प्रिंटर आहे, असा जो दर दुसऱ्या झेरॉक्सच्या टेबलावर दिसतो, कंपनीचं नाव घेत नाही. हे स्वस्त लेझर अर्धे मुकेच असतात, पान कसं काढायचं याची अक्कल प्रिंटरमध्ये नसते, ती कंपनीच्या विंडोज ड्रायव्हरमध्ये असते, तो ड्रायव्हर सगळं चित्र तयार करून ठिपके पाठवतो आणि प्रिंटर फक्त ते कागदावर मारतो. कंपनीनं लिनक्ससाठी म्हणून जे दिलंय ते जुनं, बसवलं तर एक पान निघालं, दुसऱ्या पानाला प्रिंटर झोपला, पुन्हा चालू केलं तर परत एक पान. दोन संध्याकाळी मी यात घातल्या. दुसऱ्या संध्याकाळी जिभाऊ शांतपणे म्हणाले, "माले फक्त बिल निंघाले पाहिजे," आणि माळ्यावरून एक गोणपाट गुंडाळलेली वस्तू काढून आणली. जुना डॉट मॅट्रिक्स, नऊ पिनांचा, जाड पॅरलल केबलवाला.

बोर्डाला मागं पॅरलल पोर्ट होताच. केबल लावली, प्रिंटरच्या यादीतून एप्सन नऊ-पिन हे नाव निवडलं, हा ड्रायव्हर लिनक्सच्या कप्समध्ये, म्हणजे छपाई सांभाळणाऱ्या भागात, आधीपासूनच असतो, आणि चर्रर्र चर्रर्र करत पहिल्याच फटक्यात बिल बाहेर. मराठी अक्षरं तो चित्र म्हणून काढतो त्यामुळे हळू आणि आवाज एवढा की समोरच्या सलूनमधला माणूस डोकावून गेला. पण कार्बन लावून दोन प्रती एकदम निघतात, एक शेतकऱ्याला एक फाइलला, लेझरवर त्यासाठी दोनदा छापावं लागायचं. म्हणजे नव्या प्रिंटरपेक्षा जुन्याची भाषा उघडी म्हणून तो चालला. सातबाऱ्याचं मात्र नुकसान झालं ते मान्य करतो, ए-फोरवर स्वच्छ प्रिंट आता दुकानात निघत नाही, जिभाऊ पीडीएफ स्टँडवरच्या झेरॉक्सवाल्याला व्हॉट्सअ‍ॅप करतात आणि माणसाला तिकडे पाठवतात.

बिलाच्या नमुन्यानं एक तास खाल्ला. लिब्रे ऑफिसमध्ये उघडला तर सगळी इंग्रजी अक्षरांची खिचडी. बघणारा म्हणेल लिनक्सवर मराठी चालत नाही, पण तसं नसतं. तो नमुना दहा-बारा वर्षांपूर्वी डीटीपीवाल्यानं जुन्या फॉन्टमध्ये केलेला, युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, बाहेरचा, त्या फायलीत मराठी अक्षर नसतंच मुळी, असतात ती रोमन अक्षरं, आणि फॉन्ट त्यांच्यावर मराठीचा मुखवटा चढवतो, मुखवटा नसला की मूळ चेहरा दिसतो. विंडोजमधली ती फॉन्टची फाइल आणून बसवली तर लगेच सगळं मराठीत आलं. पण त्यात शोधता काही येत नाही, "कपाशी" शोधलं तर सापडणार नाही कारण तिथं कपाशी लिहिलेलंच नाही. म्हणून जिभाऊंच्या आठवीतल्या नातीला बसवलं, आयबस या लिनक्समधल्या टायपिंगच्या सोयीत मराठी फोनेटिक लावून दिलं आणि तिनं दोन दुपारी बसून दीडेकशे वाणांची आणि औषधांची नावं युनिकोडमध्ये टाकली, तासाला एक पेप्सीकोला या बोलीवर. आता बिलात पहिली दोन अक्षरं टाकली की नाव खाली येतं, विंडोज असताना ही सोय नव्हती, आणि ही सोय लिनक्समुळे झाली असंही नाही, टाइप कोणी केलंच नव्हतं इतकी वर्षं.

आणि एक घोळ, हा फक्त मी केलेला. नवा सेल टाकल्यावर बायोसमध्ये भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे वेळ लावली. विंडोज बायोसमधली वेळ इथली वेळ मानतं, लिनक्स ती यूटीसी, म्हणजे जगाची प्रमाणवेळ, मानतं, आणि आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढं. पहिले दोन दिवस दुकानात नेट नव्हतं, त्यामुळे वेळ आपोआप दुरुस्त झाली नाही, आणि बिलांवर साडेपाच तास पुढची वेळ. दिवसा कोणाच्या लक्षात नाही आलं, पण संध्याकाळी साडेसहानंतर मशीनच्या हिशोबानं बारा वाजून गेलेले, म्हणजे तारीख उद्याची. एका शेतकऱ्यानंच दाखवून दिलं, म्हणाला जिभाऊ मी उद्या आलतो का. सहा बिलं हातानं दुरुस्त करून सही मारावी लागली. मोबाइल यूएसबीनं जोडून नेट दिल्यावर वेळ जागेवर आली आणि बायोसमध्येही तीच लिहिली गेली.

बाकी किरकोळ. वायफायचा जुना डोंगल ओळखलाच नाही, नाद सोडला, मोबाइलची यूएसबी केबल लावली की नेट येतं, तेच बरं. अपडेट आपोआप होणं बंद ठेवलं, रोजच्या दोन जीबीच्या पॅकमधले दोनतीनशे एमबी गपकन गेले की जिभाऊंचं टाळकं सरकतं, दर महिन्याला मी फोनवर सांगतो तेव्हा नात करते. लाइट अचानक गेली तर ईएक्सटी४ ही फाइल सिस्टीम आधी एका वहीत टाचण करून मग काम करते, त्यामुळे परत चालू करताना टाचण वाचून सावरते, पण म्हणून यूपीएसची मेलेली बॅटरी तशीच ठेवायची नाही, ती बदलली. नातीचा यूट्यूब ४८० वर नीट चालतो, ७२० ला अडखळतो, या बोर्डातलं ग्राफिक्स आजचे व्हिडिओ स्वतः उलगडू शकत नाही आणि सगळा भार प्रोसेसरवर येतो. तिची तक्रार आहे, माझी नाही.

जिभाऊंना शिकवायला किती दिवस लागले असं बरेच जण विचारतात. डेस्कटॉपवर चार चित्रं, खाली मराठीत नावं, बिल, साठा, व्हॉट्सअ‍ॅप, सातबारा. सुरुवातीला त्यांना विंडोज गेलंय हेच कळलं नव्हतं, त्यांना वाटलं मी रंग बदलला. अडलं ते एकाच ठिकाणी, बिल सेव्ह करताना जुना डी ड्राइव्ह सापडेना, कारण लिनक्समध्ये सी-डी अशी वाटणीच नाही. एक फोल्डर करून त्याचं नावच "डी ड्राइव्ह" ठेवलं.

मृगाच्या गर्दीत मशीन एकदाही बसलं नाही. गर्दी ओसरल्यावर पारोळ्याचे एक दुकानदार जिभाऊंचं बघून माझ्याकडे आले, माझ्यातही टाका म्हणाले. त्यांचा लॅपटॉप, आठ जीबी रॅम, विंडोज १०, त्यात अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर आणि अंगठ्याचं यंत्र दोन्ही. मी त्यांना म्हटलं अण्णा, तुम्ही लिनक्स टाकू नका, आधी मला हार्डडिस्क बघू द्या. ते जरा नाराज झाले, त्यांना तो चाळीस सेकंदांचा चमत्कार पाहिजे होता.

परवा जिभाऊंचा फोन आला, मी म्हटलं आता काय व्हयनं. डॉट मॅट्रिक्सची रिबन फिकी पडलीय, शेतकरी म्हणतात बिल वाचता येत नाही, अमळनेरला मिळत नाही, जळगावला बघ. सध्या ती शोधतोय.